‘गिव्ह अप’, ‘सोडून देणे’ आणि ‘बिट्टुकोडु’ : घेणारा कोण, ह्या प्रश्नाचा शोध

इंग्रजीतील मूळ क्रियापद आणि त्याला जोडून येणारे ‘अप’, ‘आउट’, ‘इन’, ‘ऑफ’ यांसारखे अव्यय मिळून जो संयुक्त प्रयोग सिद्ध होतो, त्याला ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. हे नाव रूढ झाले ते लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ मधील वाक्प्रचारविषयक ग्रंथामुळे. पुढे ड्वाइट बोलिंजर यांनी १९७१ मध्ये ह्या एकाच विषयाला स्वतंत्र ग्रंथ वाहिला. भारतीय विद्यार्थ्याच्या दृष्टीने इंग्रजीच्या अभ्यासातला हा सर्वांत बेभरवशाचा भाग. घटक ओळखीचे आणि अर्थ मात्र अनोळखी, असा हा प्रकार आहे. ‘गिव्ह’ म्हणजे देणे, ‘अप’ म्हणजे वर. परंतु ‘गिव्ह अप’ म्हणजे वर देणे नव्हे.

प्रस्तुत लेखात ह्या एकाच प्रयोगाचा विचार केला आहे, आणि तो बंगळूरसारख्या नगराच्या संदर्भात. तेथे इंग्रजी, कन्नड आणि मराठी ह्या तिन्ही भाषा दीर्घकाळ शेजारी नांदत आल्या आहेत. १६३८ मध्ये बंगळूर विजापूरकरांच्या ताब्यात आले आणि शहाजीराजांच्या जहागिरीत गेले, तेव्हापासून मराठीचा तेथील वावर अखंड आहे. इंग्रजीच्या अध्यापनासाठी दक्षिणेतील राज्यांची प्रादेशिक इंग्रजी संस्था १९६३ मध्ये स्थापन झाली तीही ह्याच शहरात. अशा ठिकाणी ‘गिव्ह अप’ला मराठी आणि कन्नड प्रतिशब्द शोधू जाता एक विलक्षण गोष्ट प्रत्ययास येते. दोन्ही भाषांत घटकशः तंतोतंत जुळणारा शब्द सापडतो आणि त्यांचे अर्थ मात्र जुळत नाहीत.

प्रथम इंग्रजी प्रयोगाची व्याप्ती पाहिली पाहिजे. एखादी सवय मोडणे, प्रयत्न थांबवणे, आशा टाकणे, बसायची जागा दुसऱ्याला देणे, शत्रूच्या हाती किल्ला देणे, गुन्हेगाराने स्वतःहून हजर होणे, हक्कावरील दावा मागे घेणे, हे सर्व व्यापार ‘गिव्ह अप’ने व्यक्त होतात. प्राण जाणे ह्या अर्थी ‘गिव्ह अप द घोस्ट’ हा जुना प्रयोगही ह्याच कुळातला. ‘अप’ येथे दिशा दाखवत नाही. ‘ईट अप’, ‘यूज अप’ यांमधल्याप्रमाणे क्रिया पुरती तडीस गेली, मागे काही उरले नाही, एवढेच तो सांगतो. वाक्यरचनेचे नियमही काटेकोर आहेत. कर्म नाम असेल तर ते ‘अप’च्या आधी किंवा नंतर कोठेही चालते, सर्वनाम मात्र मध्येच यावे लागते. पुढे दुसरे क्रियापद आले तर ते ‘-इंग’ प्रत्ययान्त हवे. ‘ऑन’ जोडून ‘गिव्ह अप ऑन’ केले की अर्थ बदलतो; एखाद्या व्यक्तीविषयीचा भरवसा संपल्याची भावना त्यातून व्यक्त होते. ‘गिव्ह इन’शीही त्याची गल्लत होऊ नये. ‘गिव्ह इन’मध्ये समोरच्याच्या दडपणापुढे नमते घेणे आहे. ‘गिव्ह अप’मध्ये समोर कोणी असलाच पाहिजे असे नाही.

हा शेवटचा मुद्दाच ह्या लेखाचा विषय आहे. ‘गिव्ह’ हे देण्याचे क्रियापद. त्याला देणारा, देय वस्तू आणि घेणारा असे तीन घटक लागतात. ‘अप’ जोडताच घेणाऱ्याची गरज संपते. धूम्रपान ‘गिव्ह अप’ करणारा माणूस ते कोणाला देत नाही. किल्ला ‘गिव्ह अप’ करणारा मात्र तो कोणाच्या तरी हवाली करतो. इंग्रजी शब्द हा भेद नोंदवत नाही. मराठी आणि कन्नड ह्या दोन्ही भाषांना तो नोंदवावा लागतो, आणि त्या तो वेगवेगळ्या रीतीने नोंदवतात.

मराठीत येथे ‘सोडणे’ आणि त्याचे संयुक्त रूप ‘सोडून देणे’ पुढे येते. संयुक्त क्रियापदांची शास्त्रीय चर्चा मराठीत मोरो केशव दामले यांच्या १९११ मधील व्याकरणापासून होत आली आहे. ‘देणे’ हे साहाय्यक म्हणून येते तेव्हा त्याचे दोन स्वतंत्र व्यापार दिसतात. ‘पत्र वाचून दिले’, ‘काम करून दिले’ यांत क्रिया दुसऱ्याच्या उपयोगासाठी केलेली आहे. घेणारा तेथे आहे. ‘फेकून दिले’, ‘ढकलून दिले’, ‘टाकून दिले’ यांत मात्र वस्तू कर्त्यापासून दूर गेली एवढाच अर्थ असून घेणारा कोणी नाही. ‘सोडून देणे’ ह्या दुसऱ्या गटातले. तथापि एकच रूप दोन्ही गटांत जाऊ शकते, हे पुढील जोडीवरून ध्यानात येईल : ‘त्याचा नाद सोडून दे’ आणि ‘मला एवढी गाठ सोडून दे’. पहिल्या वाक्यात ‘गिव्ह अप’ आहे. दुसऱ्यात गाठ उकलण्याची विनंती आहे आणि ‘मला’ ह्या चतुर्थीने घेणारा उघड केला आहे. कन्नडमध्ये ही संदिग्धता उद्भवतच नाही, कारण गाठ सोडण्यासाठी त्या भाषेत ‘बिच्चु’ हे निराळे क्रियापद आहे. तेथे ‘बिच्चिकोडु’ म्हटले जाईल.

आता कन्नडकडे वळता ‘बिडु’ म्हणजे सोडणे आणि ‘कोडु’ म्हणजे देणे. दोहोंचा संयोग ‘बिट्टुकोडु’. घटकांचा क्रम, पूर्वक्रियावाचक रूपाची योजना आणि साहाय्यक क्रियापदाचे स्थान ह्या सर्व बाबतींत हा शब्द ‘सोडून देणे’ची प्रतिकृती वाटावी असा आहे. कन्नड न जाणणारा मराठी अनुवादक तो पाहताक्षणी ‘सोडून देणे’ असे लिहून मोकळा होईल. परंतु ‘बिट्टुकोडु’चा अर्थ आहे दुसऱ्यासाठी सोडणे, दुसऱ्याच्या हाती जाऊ देणे. सत्ता ‘बिट्टुकोडु’ करायची ती उत्तराधिकाऱ्याला. बसमधली जागा करायची ती वृद्धाला. ‘गुट्टु बिट्टुकोडु’ म्हणजे गुपित फोडणे. येथेही ऐकणारा कोणी आहेच. मित्राला ‘बिट्टुकोडु’ न करणे म्हणजे त्याला इतरांच्या तोंडी न देणे, त्याची बाजू न सोडणे. घेणारा नसेल, तर कन्नड भाषा ‘कोडु’ टाळते आणि ‘बिट्टुबिडु’ असे ‘बिडु’चेच द्वित्व करते. सिगारेट ‘बिट्टुबिडु’ करायची असते. तिला ‘बिट्टुकोडु’ म्हटले तर ती शेजाऱ्याच्या हाती ठेवल्यासारखे होईल.

ह्याचे कारण ‘कोडु’च्या स्वभावात आहे. ‘हेळिकोडु’ म्हणजे शिकवणे, शब्दशः सांगून देणे. ‘माडिकोडु’ म्हणजे करून देणे. साहाय्यक ‘कोडु’ने उपकाराचा, हस्तांतराचा अर्थ सहसा टाकलेला नाही. क्रिया पुरी झाल्याचे दाखवण्याचे काम ‘बिडु’ आणि ‘हाकु’ ही क्रियापदे सांभाळतात. मराठीत ‘देणे’ ह्या एकाच शब्दाने दोन्ही भार उचलले. उलट ‘सोडणे’ साहाय्यक म्हणून मराठीत फारसे पसरले नाही; ‘भंडावून सोडणे’, ‘हैराण करून सोडणे’ अशा मोजक्या प्रयोगांतच ते कन्नड ‘बिडु’च्या जवळ जाते. ह्या प्रयोगांचे मूळ कन्नडमध्ये शोधण्याचा मोह होण्यासारखा आहे, पण एवढ्या साम्यावर तेवढा डोलारा उभारता येणार नाही.

गंपर्झ आणि विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातील कुपवाड गावाच्या भाषाव्यवहाराचा जो अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात तेथील मराठी, कन्नड आणि उर्दू बोलींची वाक्यरचना परस्परांच्या इतकी निकट आलेली दाखवली आहे की शब्दाला शब्द ठेवून भाषांतर व्हावे. कॉलिन मसिका यांनी १९७६ मध्ये संयुक्त क्रियापदांना भारतीय भाषाक्षेत्राच्या समान लक्षणांत स्थान दिले. दोन्ही निष्कर्ष मोलाचे आहेत. परंतु ‘सोडून देणे’ आणि ‘बिट्टुकोडु’ यांची जोडी सांगते की सांगाडा एक असूनही त्यात वावरणारा अर्थ एक असेलच असे नाही. आणि सांगाडा जितका सारखा, तितकी चूक लक्षात येणे अवघड. तुलनात्मक अभ्यासात ‘समान रचना’ ह्या नोंदीवर थांबण्याची सवय पडून गेली आहे, ती ह्या दृष्टीने धोक्याची आहे.

मराठीने घेणाऱ्याला नेहमीच दृष्टीआड केले असे मात्र नाही. इतिहासलेखनातील भाषा पाहावी. १६६५ च्या पुरंदरच्या तहाने शिवाजीराजांनी तेवीस किल्ले मोगलांना दिले आणि बारा स्वतःकडे राखले. येथे मराठी लेखक ‘किल्ले दिले’ असे लिहितो. ‘किल्ले सोडले’ असे लिहिताच शिबंदीने किल्ले टाकून पळ काढल्याचा भास होईल. ‘स्वाधीन केले’, ‘हवाली केले’, ‘खाली करून दिले’ ह्यांतल्या प्रत्येक प्रयोगात मान आणि अगतिकता यांचे प्रमाण वेगळे. इंग्रजी ग्रंथकार मात्र तहाने दिलेला किल्ला आणि भीतीने टाकलेला किल्ला ह्या दोहोंना ‘गिव्ह अप’ म्हणू शकतो. इंग्रजीवरून मराठीत इतिहास आणणाऱ्याने ह्या ठिकाणी थांबून घेणारा कोण होता हे विचारलेच पाहिजे.

ह्याहून मनोरंजक कथा आहे ती मराठीतील त्यागवाचक वाक्प्रचारांची. ‘नोकरीवर पाणी सोडले’ असे आपण म्हणतो तेव्हा नोकरी गेली, ती कोणाला मिळाली ह्याच्याशी कर्तव्य नसते. परंतु पाणी सोडणे हा मूळचा दानविधी आहे. संकल्प उच्चारून दाता हातावरून उदक सोडतो आणि त्या क्षणी वस्तूवरील त्याचे स्वामित्व संपून ते प्रतिग्रह करणाऱ्याकडे जाते. तुळशीपत्राचेही तसेच. दिलेल्या वस्तूवर तुळशीचे पान ठेवायचे ते दान पुरे झाल्याची खूण म्हणून; ‘घरावर तुळशीपत्र ठेवणे’ ह्या वाक्प्रचारात मात्र घर उघडे पडले एवढेच उरले. ‘तिलांजली देणे’त घेणारा मृतात्मा होता, आता तत्त्वांना तिलांजली दिली जाते आणि तत्त्वे ती घेतात असे कोणी मानत नाही. तीनही वाक्प्रचारांत विधी विसरला गेला आणि विधीबरोबर घेणाराही विसरला गेला. उरली ती केवळ गमावण्याची भावना.

कन्नडमध्ये काय घडले हे पाहण्यासारखे आहे. दानाच्या उदकावरून त्या भाषेत ‘धारे एरे’ म्हणजे धार धरणे, ओतणे हा प्रयोग आहे. कन्यादानात तो विधिवाचक आहेच. पण गुरूने शिष्याला विद्या दिली असे सांगतानाही ‘धारे एरे’ म्हणतात. म्हणजे लाक्षणिक अर्थातही घेणारा टिकून राहिला. तिलांजलीसाठी ‘एळ्ळुनीरु बिडु’, म्हणजे तीळपाणी सोडणे, असे आहे. तेथे मात्र मराठीप्रमाणेच कायमचे सोडल्याचा अर्थ आला. गंमत अशी की घेणारा हरपलेल्या ह्या विधीसाठी मराठीने ‘देणे’ वापरले आणि कन्नडने ‘बिडु’. वर सांगितलेला साहाय्यक क्रियापदांचा भेद येथे नामाच्या जोडीनेही कायम राहिलेला दिसतो.

‘गिव्ह अप’ला कर्म नसते तेव्हा मराठी अनुवादकाची खरी कसोटी लागते. इंग्रजीतील ‘नेव्हर गिव्ह अप’ हा उपदेश आज शाळांच्या भिंतींपासून व्यायामशाळांपर्यंत सर्वत्र दिसतो. त्याचे ‘कधीही सोडून देऊ नका’ हे भाषांतर व्याकरणाने चुकीचे नाही, पण मराठी कानाला ते अपुरे वाटते. त्याची कारणे दोन. नकारात मराठी संयुक्त क्रियापद टाळते. ‘त्याने सिगारेट सोडून दिली’ असे म्हणणारा मनुष्य नकारात ‘सोडली नाही’ असेच म्हणेल. दुसरे, ‘सोडणे’ला काय सोडायचे हे सांगावे लागते. धीर सोडू नका, आशा सोडू नका, हट्ट सोडू नका, चिकाटी सोडू नका : ह्यांतले प्रत्येक वाक्य वेगळ्या माणसाला उद्देशून आहे. ‘हात टेकणे’, ‘नांगी टाकणे’, ‘माघार घेणे’, ‘हाय खाणे’ हे शब्दही परस्परांच्या जागी बसत नाहीत. वैद्याने हात टेकले असे म्हणावे. त्याने नांगी टाकली असे म्हटले तर तो रोग्याशी लढत होता असे वाटेल. इंग्रजी शब्द ज्या अवस्थेचे केवळ नाव घेतो, तिचे मराठी निदान करते. ‘गिव्ह अप ऑन’साठी कन्नडमध्ये ‘कैबिडु’, म्हणजे हात सोडणे, हा प्रयोग अनेकदा चपखल बसतो. मराठीत त्याच्या तोडीचा ‘अंतर देणे’ आहे. मला अंतर देऊ नको, असे म्हणणाऱ्याला दुसऱ्याकडून दूरत्व हीच एक वस्तू मिळण्याची भीती असते. देण्याच्या क्रियापदाचा इतका करुण उपयोग इंग्रजीला साधलेला नाही, असे म्हणण्यास हरकत नसावी.

बंगळूरच्या इंग्रजीत ह्या सर्वांचा एक सोपा परिपाक आढळतो. ‘गिव्ह अप’ची अडचणीची जोडणी टाळून तेथे ‘लीव्ह’ वापरले जाते. धूम्रपान ‘लीव्ह’ केले, रागावू नको म्हणून ‘लीव्ह इट’, आणि स्थानकापर्यंत पोचवायचे तर ‘लीव्ह मी’. इंग्लंडमधल्या श्रोत्याला हे शेवटचे वाक्य आपल्याला टाकून जाण्याची विनंती वाटेल. परंतु ‘बिडु’ आणि ‘सोडणे’ ह्या दोघांच्याही अर्थकक्षेत सवय, विषय आणि प्रवासी हे तिन्ही बसतात. म्हणून मराठी आणि कन्नड भाषक ह्या इंग्रजीत एकमेकांना बिनचूक समजतात. अध्यापकाने तिला केवळ चूक म्हणून लाल रेघ मारण्यापूर्वी तिच्यामागील नियम ओळखणे इष्ट.

घेणाऱ्याचा प्रश्न केवळ कोशकाराचा नाही, हे दोन अलीकडच्या प्रसंगांवरून दिसेल. सधन कुटुंबांनी स्वयंपाकाच्या गॅसवरील अनुदान स्वेच्छेने नाकारावे म्हणून केंद्र सरकारने २०१५ मध्ये जी मोहीम काढली, तिचे नावच ‘गिव्ह इट अप’ होते. तुम्ही नाकारलेल्या अनुदानातून गरीब घरात गॅसजोडणी जाईल, असे तिचे आवाहन होते. म्हणजे घेणारा कल्पनेत होता, नावात नव्हता. मराठीतल्या ‘अनुदान सोडा’ ह्या सहज भाषांतरातही तो येत नाही. ऐकणाऱ्याला स्वतःचे नुकसान तेवढे ऐकू येते. त्याच आवाहनाला कन्नडमधील ‘बिट्टुकोडि’ हे रूप लावले तर ते आपोआप दुसऱ्या घराकडे बोट दाखवते. मराठीत हा अर्थ आणायचा तर ‘दुसऱ्यासाठी’ हा शब्द वेगळा घालावा लागतो.

दुसरा प्रसंग अधिक नाजूक आहे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या वादात १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला, २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला आणि डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही राज्यांच्या विधिमंडळांनी परस्परविरोधी ठराव केले. ह्या वादातील कन्नड घोषणांत एक इंचही ‘बिट्टुकोडु’ करणार नाही अशी भाषा येते. मराठी बाजू हक्क सोडणार नाही असे म्हणते. इंग्रजी वृत्तपत्र दोन्ही विधानांना ‘गिव्ह अप’ लावते, आणि दोन्ही पक्ष एकच वाक्य बोलत आहेत असा आभास निर्माण होतो. वस्तुतः पहिल्या विधानात भूमी हाती आहे आणि ती मागणारा समोर उभा आहे. दुसऱ्यात हाती केवळ दावा आहे आणि तो सोडला तर कोणी उचलून घेणार नाही, तो नुसता विरून जाईल. एकाला देण्याची भीती आहे, दुसऱ्याला विसरण्याची. न्याय कोणाकडे हा प्रश्न भाषाभ्यासाच्या कक्षेबाहेरचा. पण शेजारच्या राज्याचे म्हणणे इंग्रजीतून वाचणाऱ्याला त्याचा सूर ऐकू येत नाही, एवढे भाषाभ्यासकाने सांगितले पाहिजे.

साहित्याच्या अनुवादातही हेच घडते. कन्नड कादंबरी मराठीत थेट आणण्याची परंपरा आहे. भैरप्पांच्या कादंबऱ्यांचे उमा कुलकर्णी यांनी केलेले अनुवाद हे तिचे ठळक उदाहरण. परंतु इंग्रजी अनुवादावरून मराठी अनुवाद करण्याचा मार्गही रूढ आहे. अशा मार्गाने येणारा ‘बिट्टुकोडु’ इंग्रजीत ‘गिव्ह अप’ होतो आणि मराठीत ‘सोडून देणे’ म्हणून उतरतो. मुलासाठी वाटा सोडणारी आई मग वाट्याविषयी उदासीन झालेली आई बनते. वाक्य कोठेही अडखळत नाही, म्हणून संपादकाचीही दृष्टी तेथे थांबत नाही.

एका अर्थच्छटेत मात्र मराठीने घेणाऱ्याची जागा विशेष दक्षतेने राखली आहे. ती म्हणजे स्वतःला ‘गिव्ह अप’ करण्याची. कन्नडमध्ये येथे ‘शरणागु’ असे होण्याचे क्रियापद योजतात. बाराव्या शतकातील शरणांच्या वचनसाहित्याने त्या शब्दाला जो भक्तीचा गंध दिला, तो पोलीस ठाण्यातल्या वार्तेतही पुरता जात नाही. मराठीत शरण ‘जातात’ किंवा ‘येतात’. भक्त देवाला शरण जातो; फरारी पोलिसांना शरण आला, असे वृत्त छापले जाते. पहिल्या वाक्यात बोलणारा शरण जाणाऱ्याच्या बाजूने उभा आहे आणि दुसऱ्यात घेणाऱ्याच्या. ‘आत्मसमर्पण’ हा शासकीय शब्द रूढ झाल्यापासून बातमीतला हा ‘येणे’-‘जाणे’चा भेद पुसट होत चालला आहे.